बाजू दोन, गाणं पाचवं

आमच्या घरात कोणी कोणाचं वाक्य पूर्ण करत नसे. हा नियम कुणी सांगितल्याचं आठवत नाही. जेवायला बसण्याआधी हात धुवायचे असतात हे जसं कळतं, तसंच ते कळलं होतं. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, बोलताना अडखळत. शब्दाचं पहिलं अक्षर त्यांच्या तोंडात अडकून पडे, कधी दोनदा, कधी सात-आठदा, आणि ‘क’ आला तर त्याहून जास्त. अशा वेळी आम्ही हातातलं काम चालू ठेवत असू. आई विळीवर चिरत राही, मी वहीत बघत राही. त्यांच्या तोंडाकडे बघायचं नाही, आणि शब्द ओळखता आला तरी पुरवायचा नाही. मग शब्द सुटे, वाक्य संपे आणि आम्ही उत्तर देत असू. पुढे मी वर्तमानपत्रात लागले तेव्हा वरिष्ठ म्हणत, गप्प बसून माणसाला बोलतं करायचं तंत्र हिला साधलंय. ते तंत्र नव्हतं. स्वयंपाकघरात लागलेली सवय होती.

कन्नडात अण्णा अडखळत नसत. का, ते त्यांनाही माहीत नव्हतं. कारखान्यात ते तपासणी विभागात होते. सुटे भाग सूक्ष्ममापकानं मोजायचे आणि केसभर कमी-जास्त असला तर बाजूला काढायचा, हे त्यांचं काम. तिथे दिवसभर ते सरळ, मोजकं कन्नड बोलत. भाजीवाला, रिक्षावाला, शेजारी, सगळ्यांशी कन्नड. संध्याकाळी इंदिरानगरच्या घराच्या फाटकातून आत आले, चपला काढल्या, की मराठी सुरू होई आणि जीभ अडे. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलेलं, की मूळ गाव कुठलं यावर दोन काकांचं एकमत नव्हतं; पण घरात मराठीच बोलायचं हा अण्णांचा हट्ट होता. ज्या भाषेत त्यांना त्रास होई तीच त्यांनी घरासाठी ठेवली. आमच्या मराठीत ‘बरं’ऐवजी ‘सरी’ होतं, ‘थोडं’ऐवजी ‘स्वल्प’ होतं, आणि मला सगळे पुट्टी म्हणत, म्हणजे कन्नडात छोटी.

माझा भाऊ माझ्याहून बारा वर्षांनी मोठा. त्याला मी दादा म्हणते. तो गिटार वाजवी आणि गाई, त्याचा चौघांचा बँड होता, त्यांनी एक कॅसेट काढली होती. बँडचं नाव मी इथे देत नाही. वाचणाऱ्यांनी शोधून ऐकावं असा माझा हेतू नाही. त्या संगीताला आज इंडी रॉक म्हणतात. आमच्या घरात त्याला नाव नव्हतं, आई ‘ते’ म्हणे. मी दहा वर्षांची असताना दादा एका सकाळी दोन पिशव्या आणि गिटार घेऊन गेला, तो मुंबईला. मला सांगण्यात आलं ते एवढंच: गिटारीपायी गेला. कॅसेटची एकही प्रत घरात ठेवली गेली नाही. कुणी विचारलं तर अण्णा उठून बाहेरच्या नळाचं काहीतरी करायला जात. यावरून मी जो निष्कर्ष काढला तो दहा वर्षांची कोणतीही मुलगी काढील: बापाला गाणं सहन झालं नाही, म्हणून त्यानं मुलाला हाकललं.

सोळा वर्षांची होईतो या निष्कर्षाचं मी वैर केलं होतं. मी अण्णांच्या पंगतीला बसत नसे. ते काही विचारत तेव्हा मी भरभर इंग्रजीत उत्तर देई, जे त्यांना नीट पकडता येत नसे. आणि मी आणखी एक गोष्ट करी, जी आजवर कुणाला सांगितलेली नाही. त्यांचा शब्द अडला की मी त्यांच्या तोंडाकडे बघत असे. रोखून, शांतपणे, शब्द सुटेपर्यंत. त्यानं तो सुटायला आणखी वेळ लागे, हे मला माहीत होतं. आईनं एकदा पोळपाटावरचं लाटणं उचलून माझ्याकडे पाहिलं आणि मग पुन्हा पोळी लाटू लागली.

दादाचं पत्र माझ्या मैत्रिणीच्या पत्त्यावर येई. शेवटच्या पत्रात होतं: ‘पीयूसीची परीक्षा झाली की इकडे ये. कॉलेजात घालायचं मी बघतो. त्या घरात राहिलीस तर तुझंही तोंड बंद करतील.’ पीयूसी म्हणजे आमच्याकडची अकरावी-बारावी. मी जायचं ठरवलं होतं. दोन ड्रेस आणि दाखल्यांच्या नकला मैत्रिणीकडे पोचत्या केल्या होत्या. फक्त एक राहिलं होतं. ज्या गाण्यांसाठी मी घर सोडणार होते, ती मी ऐकलेली नव्हती.

त्या वर्षी गच्चीवरच्या खोलीत अभय नावाचा भाडेकरू होता. पुण्याचा, पंचविशीचा, संगणक कंपनीत कामाला. तो वाईट माणूस नव्हता, हे नोंदवून ठेवते. पण त्याला दुसऱ्याचं वाक्य अर्धवट राहिलेलं बघवत नसे. पहिल्याच आठवड्यात अण्णा जिन्यात त्याला म्हणाले, “पा-पा-पा…”

“पाणी? पाणी येतंय की काका, मस्त येतंय.”

“पा-पाय…”

“पायात गोळे येतात? हो ना, जिना उभा आहे फार.”

अण्णांना सांगायचं होतं, पायऱ्यांवर बूट ठेवू नका. ते न सांगताच ते खाली आले आणि बूट महिनाभर तिथेच राहिले. पुढच्या खेपेला अभय समजूत घातल्यासारखं म्हणाला, “काका, तुमचं मराठी राहिलं नाही हो. इतकी वर्षं इकडे काढल्यावर व्हायचंच. हिंदीत बोलूया का?” अण्णांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, ते अभयला कळलं नाही. मला कळलं, आणि मला मजा वाटली.

संक्रांतीच्या सकाळी आईनं एळ्ळु-बेल्लच्या पुड्या बांधल्या. भाजलेले तीळ, गुळाचे बारीक चौकोन, खोबऱ्याचे काप, शेंगदाणे. आमच्याकडे तिळाच्या लाडवांऐवजी हेच वाटतात. शेजारची घरं झाली, शेवटची पुडी गच्चीवर द्यायची होती. अभय खुर्ची बाहेर काढून उन्हात बसला होता. कठड्यावर टेपरेकॉर्डर आणि शेजारी पाच-सहा कॅसेटी. सगळ्यात वरच्या कॅसेटच्या आत झेरॉक्स काढलेला कागद दुमडून घातला होता आणि त्यावर चार नावं होती. तिसरं नाव दादाचं.

“हे कसलंय?” मी विचारलं.

“हे? तुला माहीत नाही? अगं, तुमच्याच गावचा बँड आहे! आमच्या हॉस्टेलला याच्या कॉपीची कॉपी फिरायची. पाच-सहा वर्षं जुनी आहे, पण अजून पोरं वेडी आहेत. आणि इथे आलो तर एकालाही पत्ता नाही. कमाल लोक आहात.”

“लावा ना.”

“दोन्ही बाजू ऐकायच्या हं. मधे उठायचं नाही.”

मी कठड्याला टेकून खाली बसले. भाऊ आहे हे सांगितलं नाही. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मला परक्यासारखं ऐकायचं होतं. आणि खरं सांगायचं तर, अभयला ते सांगून वाटणारा अभिमान मी शेवटासाठी राखून ठेवला होता.

पहिल्या बाजूला पाच गाणी होती. ध्वनिमुद्रण गरिबीचं होतं. ड्रम खोक्यावर थापटल्यासारखे वाजत, गायकाचा आवाज शेजारच्या खोलीतून आल्यासारखा. दादाचं इंग्रजी उच्चारण त्याचं नव्हतं, कुठूनतरी आणलेलं होतं. पण गिटार त्याची होती. तिसऱ्या गाण्यात ती एकाच सुरावर इतका वेळ थांबते, की ऐकणाऱ्याला वाटावं वाजवणारा विसरला, आणि मग अगदी हळू खाली उतरते. मला ते आवडलं. हे इथे लिहिणं भाग आहे, कारण पुढे मी जे सांगणार आहे त्यावरून कुणाला वाटेल, की ती गाणी वाईट होती. ती चांगली होती. आजही आहेत. अभयनं कॅसेट उलटली, मी पुडीतले तीळ खात होते आणि माझा उजवा पाय ताल धरत होता.

दुसऱ्या बाजूचं पाचवं गाणं लागायच्या आधी अभय खुर्चीत पुढे सरकला. “आता ऐक. हे बेस्ट आहे.”

आधी नुसती टेपची खरखर. मग कुकरची शिट्टी, दोनदा. मग झाकण परातीवर ठेवल्याचा आवाज, आणि त्यावर एक माणूस: “का.” पुन्हा, “का.” मग “का-का. का-का-का.” तेवढाच तुकडा कापून, जोडून, पुन्हा पुन्हा. चौथ्या फेरीला त्याच्यावर ड्रम बसले, आठव्याला गिटार. ‘का’ हाच ठेका होता. सगळं गाणं त्यावर उभं होतं.

अभय मांडीवर थाप देत बरोबर म्हणू लागला. “का! का! का-का-का! कसला टायमिंग आहे बघ! कुठला तरी वॉचमन पकडला असणार. हॉस्टेलला आम्ही सगळे मिळून म्हणायचो, साठ-सत्तर पोरं. का-का-का!”

मी तो आवाज ओळखला होता. आणि मला हेही आठवतं, की ओळखल्यानंतरही तीन-चार ठोके माझा पाय हलत राहिला.

गच्चीच्या दुसऱ्या टोकाला पाण्याची टाकी होती आणि तिच्यापाशी जायला मागच्या बाजूनं लोखंडी शिडी. सुटीच्या दिवशी अण्णा टाकीचा फ्लोट तपासत. ते पाना हातात घेऊन शिडीच्या वरच्या पायरीवर उभे होते. किती वेळ, सांगता येत नाही. अभयची पाठ त्यांच्याकडे होती, माझं तोंड. त्यांनी आधी टेपरेकॉर्डरकडे पाहिलं, मग माझ्या पायाकडे, मग माझ्या तोंडाकडे, ज्यात तीळ होते. गाणं संपत आलं. शेवटी वाद्यं थांबतात आणि मूळ वाक्य एकदाच, न कापता येतं: “का-का-का-काढ ते बाहेर.” आणि त्यावर कुणीतरी हसतं. तोंड दाबून, जवळून, रेकॉर्डिंगचं बटण ज्याच्या हाताशी असेल त्याचं हसणं. तेही मी ओळखलं.

अण्णा टाकीपाशी गेले, फ्लोट हलवून पाहिला, पाना फिरवला. परत जाताना शिडीपाशी थांबून अगदी सरळ आवाजात म्हणाले, “स्वल्प कम्मी माडि.”

“काय म्हणाले?” अभयनं मला विचारलं.

“आवाज थोडा कमी करा म्हणाले.”

“अरे! मग मराठीत सांगायचं की.”

“हा आवाज त्यांचाच आहे,” मी म्हणाले.

त्याला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा त्याचा चेहरा उजळला. मला वाटलं होतं पडेल. “काय सांगतेस? काका? हे काका आहेत? अगं, पुण्यात त्यांना आख्खं हॉस्टेल ओळखतं! थांब, मी त्यांना सांगतो. त्यांना माहिती तरी आहे का, ते किती फेमस आहेत?” तो खरोखर उठला. मी कॅसेट काढून घेतली आणि म्हणाले, तुम्ही खाली गेलात तर ही मी टाकीत टाकीन. तो हसत खाली बसला. “बरं बाई, बरं. एवढं काय, कौतुकच करत होतो.” मी कॅसेट त्याच्या मांडीवर टाकली. आजही मला टाकीत न टाकल्याचा पश्चात्ताप होतो.

आई स्वयंपाकघरात रात्रभर भिजवलेले अवरेकाळू दाबत बसली होती. थंडीतले हे पावटे बेंगळुरात प्रत्येक घरी सोलतात. दाणा दोन बोटांत दाबला की सालातून सुटून टप्प करून पातेल्यात उडतो. मी समोर बसले आणि दाबू लागले. बराच वेळ टप्प टप्प एवढंच चाललं होतं.

“ऐकलंस ते?” आईनं विचारलं.

“हो.”

“सगळं?”

“शेवटपर्यंत. आई, हे आधी का नाही सांगितलं?”

“सांगू नको म्हणाले. तिला तिचा भाऊ राहू दे म्हणाले.” तिनं मूठभर सालं बाजूला सारली. मग तिनं जे सांगितलं ते असं. अण्णांचं गिटारीशी भांडण कधीच नव्हतं. माइकसाठी लागणारा स्टँड त्यांनी स्वतः लेथवर कातून दिला होता. दादा स्वयंपाकघरात टेप चालू करून का बसतो, असं त्यांनी विचारलंही नव्हतं. सामानाच्या खोलीत बँडचे खोके रचले होते, पावसाचं पाणी आत येत होतं, म्हणून ते ओरडले होते, काढ ते बाहेर. एवढंच. मग कॅसेट आली, एका सभागृहात कार्यक्रम ठरला. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला आणि विभागातल्या दोघांना बरोबर नेलं. मुलाचा कार्यक्रम, बघायला या. तिसऱ्या रांगेत बसले. शेवटी ते गाणं झालं, आणि सगळं सभागृह उभं राहून का-का करू लागलं. बरोबरचे दोघं कानडी होते. अण्णांना अडखळताना त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. त्यामुळे सुरुवातीला तेही टाळ्या वाजवत होते.

“मग?”

“मग काय. घरी येऊन त्याला एकच विचारलं. विचारायला हवं होतंस की नाही? हा म्हणतो, अण्णा, तुम्हाला त्यातलं कळत नाही, ती कला आहे. हाकललं कुणी नाही, पुट्टी. यांना वाक्य पूर्ण करायला वेळ लागत होता, तेवढ्यात तो पिशव्या भरून मोकळा झाला.”

त्या रात्री मी अण्णांच्या पंगतीला बसले. त्यांनी बघितलं. भातावर हुळी, म्हणजे आमच्याकडचं सांबार, वाढून झाल्यावर त्यांनी विचारलं, “ते गा-गा-गाणं… चां-चांगलं आहे का?” मी ताटात बघत होते. सहा वर्षांत पहिल्यांदा मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं नाही. खोटं बोलता आलं असतं.

“आहे,” मी म्हणाले.

“सरी,” ते म्हणाले आणि जेवू लागले. त्या विषयावर आमच्यात झालेलं हे एकमेव बोलणं. मी त्यांची माफी मागितली नाही. माझा पाय ओळखीआधी हलत होता, असं त्यांना वाटलं असेल, की ओळखीनंतर, हे विचारायचं धाडस मला कधी झालं नाही.

अभयला अण्णांनी घर सोडायला सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ते त्याच्याशी फक्त कन्नडात बोलू लागले, इतकंच. सभ्यपणे, संथपणे, एकही अक्षर न अडता. बूट, पाणी, दिवा, फाटक, सगळं कन्नडात. आईही तसंच बोलू लागली आणि मीही. अभय सुरुवातीला हसला, मग वैतागला, मग त्यानं प्रयत्न केला. पाण्याचं काही सांगायला जिन्यात उभा राहून तो म्हणे, “नीरु… नीरु… अदु…” आणि पुढचा शब्द त्याला सापडत नसे. त्याची नजर आमच्यावरून फिरे. आम्हा तिघांना शब्द माहीत असे. आम्ही हातातलं काम चालू ठेवून थांबत असू. उन्हाळा लागायच्या आत तो दुसरीकडे राहायला गेला. जाताना आईला म्हणाला, “मावशी, मी काय वाईट केलं ते तरी सांगा.” आई त्याला काय म्हणाली असेल ते सांगायला नको. तिनं कन्नडात सांगितलं.

दादाला मी कार्डावर एकच ओळ लिहिली: अण्णांना विचारलं होतंस का? उत्तरात चार पानं आली. त्यांत संगीताबद्दल बरंच होतं, शहराबद्दल होतं, बापांबद्दल सर्वसाधारणपणे होतं. माझ्या ओळीचं उत्तर नव्हतं. मैत्रिणीकडून मी कपडे परत आणले.

आता मी हेब्बाळला राहते, तळ्याच्या बाजूला, नवव्या मजल्यावर. इंदिरानगरचं घर राहिलं नाही. आमची गच्ची होती त्या उंचीवर आता बिअर मिळते आणि भिंतीला कान लावावा लागत नाही इतकं संगीत. अण्णा गेले तेव्हा दादा आला, दहाव्याला उभा राहिला, गेला. त्यानंतर अण्णांच्या आवाजाची एखादी फीत कुठे सापडते का, ते मी पाहिलं. लग्नांच्या चित्रफिती पाहिल्या, काकांकडे विचारलं. अडखळणारा माणूस माइक दिसला की बाजूला होतो. सगळीकडे ते आहेत, हात जोडून, तोंड मिटून.

गेल्या महिन्यात दादाचा फोन आला. ती कॅसेट कुणी तरुण मंडळी नव्यानं काढणार आहेत, एचएसआर लेआउटमध्ये त्यांचं ऑफिस आहे, फार आदरानं वागतात. त्यांच्या वकिलानं विचारलंय, पाचव्या गाण्यातला आवाज कुणाचा, घरच्यांची संमती आहे का.

“तू म्हणशील तसं,” दादा म्हणाला. “काढून टाकू म्हणालीस तर काढतो.”

“गाणं राहू दे,” मी म्हणाले. “शेवटचं हसणं काढ.”

“पुट्टी, त्याच्याशिवाय ते गाणं संपत नाही गं. लोकांना ते पाठ आहे.”

“तर मग संपू नये.”

 दादा आता पासष्टीचा आहे. मग त्यानं सुरुवात केली, “मी त्या वेळी… अण्णांना मला एकदा…” आणि थांबला. पुन्हा म्हणाला, “अण्णांना मी…” आणि पुन्हा थांबला. फोन मी पातेल्याशेजारी ओट्यावर ठेवला होता, स्पीकर चालू होता. त्या वाक्याचा शेवट कसा होतो ते मला माहीत होतं; माझ्या कार्डावरच्या ओळीचं उत्तर होतं ते. वर्तमानपत्रात आयुष्यभर मी इतरांना बोलतं करण्याचा आणि त्यांची वाक्यं नीट करण्याचाच पगार घेतला. एका शब्दात त्याला सोडवता आलं असतं. समोर भिजवलेले अवरेकाळू होते. मी एकेक दाणा दाबत राहिले, टप्प टप्प, त्याला ते ऐकू जात असणार.

तीन मिनिटांनी त्यानं फोन ठेवला.